फुटली तरी न पडणारी काच

लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर आज वर्ल्ड वन हा 280 मीटर उंचीचा निवासी टॉवर उभा आहे. गिरणगावातली धुराडी गेली, टॉवर आले. लोअर परळ, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यातल्या अनेक इमारतींच्या बाल्कनीला आता विटांचा कठडा नसतो की लोखंडी गज नसतात, असते ती नुसती काच. चाळिसाव्या मजल्यावर माणूस चहाचा कप घेऊन तिला खुशाल टेकतो. आपल्याकडे लातूर-नांदेड रस्त्यावरच्या अहमदपुरातही नव्या बंगल्यांच्या गॅलरीला आणि जिन्याला काचेची रेलिंग दिसू लागली आहे. म्हणूनच या काचेची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

खिडकीची साधी काच इथे चालत नाही. इथली काच आधी मापात कापतात, कडा घासतात, भोके पाडतात आणि मगच ती भट्टीत जाते. भट्टीत ती 620 ते 650 अंश सेल्सियसपर्यंत तापते. बाहेर येताच दोन्ही बाजूंनी तिच्यावर थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. वरचा थर तत्काळ घट्ट होतो, आतला मागाहून थंड होतो आणि आकसू पाहतो. पण वरच्या थराने तोवर आपली जागा धरलेली असते. या ओढाताणीतून काचेचा पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. चीर पडायची तर आधी हा दाब मोडावा लागतो. त्यामुळे ही ‘टफन’ काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत ठरते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पोलरॉइड गॉगल घालून तिच्याकडे पाहिले, तर हवेचे झोत जिथे लागले तिथले काळसर ठिपके अंगभर उमटलेले दिसतात.

हाच कोंडलेला ताण पुढे घातही करतो. टफन काच फुटली की सगळी एकदम फुटते आणि खडीसाखरेएवढ्या तुकड्यांचा ढीग होतो. तुकडे धारदार नसतात, पण पन्नासाव्या मजल्यावरून पडले तर धार नसल्याने काय फरक पडणार? कधी कधी ती कोणी हात न लावताही फुटते. काच बनताना तिच्यात निकेल सल्फाइडचा मिलिमीटरहून बारीक कण अडकतो. भट्टीनंतरच्या झटपट थंडाव्यात त्याला आपले मूळ रूप घ्यायला वेळ मिळत नाही. पुढे महिन्यांनी, वर्षांनी तो हळूहळू फुगतो आणि एखाद्या निवांत दुपारी तावदान फटकन उडते. म्हणून चांगल्या कारखान्यात तयार काच पुन्हा 260 ते 290 अंशांवर काही तास ठेवतात. ज्या काचेला फुटायचे असते, ती बहुधा तिथेच फुटते.

कॅनडातल्या टोरोंटो शहराने हा धडा रस्त्यावर घेतला. 2011 च्या उन्हाळ्यात तिथल्या अनेक नव्या टॉवरांच्या बाल्कन्यांची काच खाली कोसळली. पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, ओंटारिओ प्रांताने नियम बदलले आणि स्लॅबच्या काठाजवळच्या कठड्यांसाठी लॅमिनेटेड काचेचा आग्रह धरला. माझ्या मते काचेच्या कठड्यांच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. काच किती मजबूत, हा प्रश्न मागे पडला आणि फुटल्यावर ती कुठे जाते, हा प्रश्न पुढे आला.

याचे उत्तर खरे तर शंभर वर्षे जुने होते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एडुआर बेनेडिक्टस यांच्या प्रयोगशाळेत 1903 मध्ये एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. आत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्याने काचा धरून ठेवल्या होत्या. त्यातून लॅमिनेटेड काच जन्मली आणि 1909 मध्ये तिचे पेटंट घेतले गेले. आता दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पारदर्शक थर घालून उष्णता आणि दाबाखाली त्या एकजीव करतात. फुटली तरी ती काच जागीच लटकून राहते.

बसवण्याचे काम जोखमीचे आणि नाजूक असते. आठ-आठ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधला दीड मिलिमीटरचा थर धरला, तर दीड मीटर लांब आणि सव्वा मीटर उंच तावदान 75 किलोच्या पुढे जाते. स्लॅबची कड कागदावर सरळ असते, प्रत्यक्षात नसते, म्हणून प्रत्येक बाल्कनीचे माप वेगळे घ्यावे लागते. टफन काच नंतर तासता येत नाही. माप चुकले की काच वाया. स्लॅबला अँकर मारून अ‍ॅल्युमिनियमचा यू-चॅनल बसवतात. सेफ्टी बेल्ट अडकवलेले कारागीर सक्शन कपने काच उचलून चॅनलमध्ये उभी करतात. खाली रबरी ठोकळे, बाजूंनी पाचरी. काचेचा धातूला कुठेही स्पर्श होऊ द्यायचा नाही. चॅनलला पाणी निघायला भोके नसतील, तर पावसाळ्यात पीव्हीबीच्या कडेला ओल धरते आणि काच काठाने दुधाळ होत जाते. आंबूस वासाचे स्वस्त सिलिकॉनही त्या थराला बाधते. वारा सुटला की काम थांबवावेच लागते.

कारण वारा हाच या काचेचा मोठा भार. आयएस 875 या मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला जवळपास 118 किलो भरतो. उंचीबरोबर वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसे गाडली गेलेली आपल्या लातूर जिल्ह्याने पाहिली आहेत. बांधकाम मोडताना कसे मोडते, हे इथे कोणाला समजावून सांगायला नको. तेव्हा गॅलरीला काच बसवताना फॅब्रिकेटरने ‘टफन आहे, काळजी नको’ म्हटले म्हणून समाधान मानू नका. लॅमिनेटेड आहे का ते विचारा, कडेकडून दोन थर डोळ्यांनी पाहा, कोपऱ्यातला आयएस 2553 चा शिक्का तपासा आणि वरून धातूची सलग पट्टी घालून घ्या, म्हणजे एखादी काच गेली तरी हात टेकायला आधार उरेल. आणि हे बिलावर लिहून घ्या.