काचेवरचे धुके

प्लॅस्टिकच्या चिमुकल्या विमानाला पारदर्शक खिडकी चिकटवावी आणि सकाळी पाहावे, तो तिच्यावर पांढुरके धुके! मुलांनो, ही करामत सायनोअ‍ॅक्रिलेट या झटपट गोंदाची. त्याची वाफ हवेतील ओलाव्यामुळे घट्ट होऊन पृष्ठभागावर बसते. (बोटांचे अदृश्य ठसे उमटविण्यासाठी पोलीसही हीच वाफ वापरतात, हे गमतीचे नव्हे काय?) विमान सर्व बाजूंनी बंद असले, तर वाफ आत कोंडते व खिडकी आतून धुरकटते. मग ती पुसणार कशी? म्हणून खिडकीसाठी कागद-लाकडाला लावतात तो पांढरा गोंद घ्यावा व टाचणीच्या टोकाने कडेला किंचित लावावा. त्यातून केवळ पाणी उडून जाते आणि तो पारदर्शक होतो. ओघळ आलाच, तर वाळण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसावा. त्याची पकड बेताचीच. पण खिडकीला भार पेलायचा नसतो.