पाण्याची खोली आणि पाणपक्षी

यवतमाळ जिल्हा कापसाचा, काळ्या जमिनीचा व सागवानी जंगलांचा म्हणून सर्वांस परिचित आहे. येथील पाणपक्ष्यांचा संसार मुख्यतः माणसाने अडविलेल्या पाण्यावर चालतो. यवतमाळ शहराजवळील निळोणा व चापडोह, बाभुळगाव तालुक्यातील बेंबळा, दिग्रसजवळील अरुणावती आणि पुसदकडील पूस ही त्यांची मोठी आश्रयस्थाने होत. हिवाळ्यात सहलीस गेलेली मंडळी धरणाच्या भिंतीवर उभी राहतात, विस्तीर्ण पाण्यावरून नजर फिरवितात आणि ‘येथे पक्षी फारसे नाहीतच’ असे म्हणून परततात. परंतु ह्यात दोष असतो तो उभे राहण्याच्या जागेचा.

भिंतीजवळ पाणी सर्वांत खोल असते. पक्ष्यांची खरी वर्दळ असते ती विरुद्ध टोकास, जेथे नदी-नाले जलाशयात शिरतात व जमीन हळूहळू उतरत जाते. तेथे काठापासून आत नजर नेत गेले, तर प्रत्येक पक्ष्याची जागा पाण्याच्या खोलीने ठरलेली दिसते. म्हणून नवशिक्याने रंग पाहण्यापूर्वी पक्षी किती पाण्यात आहे, हे पाहावे.

कोरड्या काठावर टिटवी धावते. ती घरटे न बांधता उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते. ओल्या चिखलावर शेपटी हलविणारा धोबी आणि मागचा भाग सतत खालीवर करणारा तुतवार किडे टिपतात. वीतभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या सावकाश चालतो. त्याहून थोडे पुढे राखी बगळा मासोळीची वाट पाहत तासन् तास स्तब्ध उभा असतो. हळदी-कुंकू बदक पोहते खरे, परंतु अन्नासाठी डोके खाली व शेपटी वर करून मान पोहोचेल तेवढ्याच पाण्यात चरते. काळ्या चोचीचे पिवळे टोक व बुडाशी असलेले तांबडे ठिपके ह्यांवरून त्यास हे नाव मिळाले. काळा, पांढऱ्या चोचीचा व कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी थव्याने पोहतो. खोल पाण्यात मात्र बुडी मारणाऱ्यांचेच राज्य. इवलीशी टिबुकली डुबकन् नाहीशी होऊन भलतीकडेच वर येते. पाणकावळ्याची पिसे भिजतात, त्यामुळे त्यास बुडी मारणे सोपे जाते. म्हणूनच नंतर तो पंख पसरून वाळवीत बसतो.

पायांची लांबी व चोचीची घडण भिन्न असल्यामुळे एवढे पक्षी एकाच जलाशयात सुखाने नांदतात. परंतु त्यांतील बहुतेकांचे पोट उथळ काठावरच अवलंबून आहे. पावसाळ्यानंतर धरण तुडुंब भरले की हा काठ लोपतो. हिवाळ्यात पाणी उतरू लागले की गाळ उघडा पडतो. त्याच सुमारास उत्तरेकडील पाहुणे येतात. संस्कृत काव्यांतील विरही चक्रवाक त्यांपैकीच. त्याची वीण लडाख, तिबेट व मध्य आशियात होते. त्याच गाळावर शेतकरी गाळपेर करतो, जनावरे उतरतात, मासेमारीची जाळी पडतात. २०१८ साली निळोणा व चापडोह ह्यांनी तळ गाठला, तेव्हा यवतमाळकरांचे हाल झाले. ज्या पाण्यावर शहराची तहान भागते, त्याच पाण्यावर हे पक्षी जगतात.

निरीक्षणासाठी सकाळची वेळ उत्तम. सूर्य पाठीशी असावा, कपडे मातकट रंगाचे असावेत आणि काठाजवळ न जाता दूर एका जागी स्वस्थ बसावे. साधी दुर्बीण पुरते. पक्षी माना वर करून उभे राहिले, की आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे. एका वहीत तारीख, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव, संख्या व तो किती खोलीत होता, हे लिहावे. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तीही अशाच हौशी लोकांच्या नोंदींवर उभी आहे. एकाच काठाची दहा वर्षांची वही घरात असली, तर पाणी घटले की काठ हरवला, हे घरातील मुलेही सांगू शकतील.