विकलेल्या वाद्याची रुखरुख



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस सॅक्सोफोनवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. शंका रास्त आहे. सॅक्सोफोन कसा वाजवावा यावर मी एक अक्षरही बोलणार नाही. तो विकल्यावर माणसाला काय होतं, एवढाच माझा विषय आहे.

वादकांच्या बैठकीत थोडा वेळ बसलात, की एक गोष्ट लक्षात येते. तासाभरात कुणीतरी ‘माझ्याकडे एक होता...’ अशी सुरुवात करतो. मग यादी सुरू होते. कुणी लग्नाच्या खर्चासाठी सॅक्सोफोन विकला, कुणी जागा नाही म्हणून अँप्लिफायर काढून टाकला, कुणी नवा घ्यायचा म्हणून जुना सिंथेसायझर दिला. हीच माणसं आयुष्यात स्कूटर विकतात, फ्रिज विकतात, कधी राहतं घरही विकतात. त्याबद्दल ती इतकं बोलत नाहीत. वाद्याबद्दल मात्र तीस वर्षांनंतरही बोलतात. असं का, हे आज आपण समजून घेऊ.

आधी शब्द नीट लावून घेऊ. आपल्या मराठीत या भावनेसाठी बरेच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पंगतीत जिलबी आपल्यापर्यंत येऊन संपली, तर चुटपुट लागते. शेजाऱ्याचं नुकसान ऐकून आपण हळहळतो. तिथे आपला काही संबंधही नसतो. पश्चात्तापाला स्वतःच्या हातून वाईट घडलेलं असावं लागतं. आणि रुखरुख? ती बारीक असते, पण थांबत नाही. सगळं ठीक चाललेलं असतं आणि आतून काहीतरी बोचत राहतं. विकलेल्या वाद्याबद्दल जे होतं ते या चारांपैकी कोणतं, हे ठरवायचं आहे. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. पश्चात्ताप म्हटलं की ज्याने वाद्य विकलं त्याला आपण दोषी ठरवतो, म्हणून हे ठरवणं महत्त्वाचं आहे.

सर्वात सोपं स्पष्टीकरण पैशाचं. सॅक्सोफोनच्या बाजारात त्याला भरपूर आधार आहे. पॅरिसच्या सेल्मर कंपनीने 1954 मध्ये मार्क सिक्स नावाचं मॉडेल काढलं आणि साधारण वीस वर्षं ते बनवलं. त्या काळात ते व्यावसायिक वादकाचं रोजचं हत्यार होतं. आज त्याच वाद्यासाठी लोक मोठ्या रकमा मोजतात. वाद्यावर कोरलेला अनुक्रमांक पाहून ते कोणत्या वर्षाचं ते काढतात आणि पाच आकडी क्रमांकाचं म्हणजे सुरुवातीच्या काळातलं वाद्य असेल तर भाव आणखी चढतो. तेव्हा ज्याने ते स्वस्तात विकलं, तो आज कपाळावर हात मारणारच.

पण हे स्पष्टीकरण अर्धंच आहे. पैशाचंच दुःख असेल, तर ते पैशाने भरून निघायला हवं. समजा, त्या माणसाला आजच्या बाजारभावातला फरक रोख दिला. तो आनंदाने घेईल. पण पुढच्या बैठकीत पुन्हा ‘माझ्याकडे एक होता’ म्हणेलच. शिवाय ज्या वाद्यांची किंमत मुळीच वाढली नाही, त्यांच्याबद्दलही लोक असंच बोलतात.

दुसरं स्पष्टीकरण मानसशास्त्राचं. डॅनिएल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारलं, कितीला घ्याल? विकणाऱ्यांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या आसपास निघाली. वस्तू आपली झाली की ती आपल्याला जास्त मोलाची वाटू लागते. उत्तम निरीक्षण आहे. पण मग विकवत का नाही, हे त्यातून कळतं. विकल्यावर तीस वर्षं रुखरुख का, हे कळत नाही. मगाची रुखरुख कुणी बाळगल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणून थेट वाद्याकडेच जाऊ. सॅक्सोफोन अडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने शोधला आणि 1846 मध्ये पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. ही पितळेची, टोकाकडे रुंद होत जाणारी नळी. तोंडाशी एक पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. फुंकर घातली की ती थरथरते आणि आतली हवा बोलू लागते. नळीवरची भोकं कातडी पॅडनी झाकली-उघडली जातात. आता गंमत बघा. या नळीत सगळे स्वर अचूक बसतच नाहीत. ऑक्टेव्ह की दाबून वाजणारा मधला डी हा स्वर बहुतेक सॅक्सोफोनांवर किंचित चढा लागतो. वादक ओठ आणि घसा जरासा सैल सोडून त्याला खाली आणतो. किती सैल सोडायचं, हे प्रत्येक वाद्यागणिक थोडं वेगळं असतं. एखादी की जरा जड असते, एखादा खालचा स्वर जपून काढावा लागतो. दहा-वीस वर्षांत हे सगळं वादकाच्या ओठांत आणि बोटांत जाऊन बसतं. त्याला विचारलं तर शब्दांत सांगता येत नाही, पण ओठांना माहीत असतं.

हे ज्ञान सॅक्सोफोन या जातीबद्दलचं नाही, त्या एका सॅक्सोफोनबद्दलचं आहे. आपल्याकडे गौतमाच्या न्यायसूत्रांत एक जुना वाद आहे. ‘गाय’ म्हटलं की त्या पदाचा अर्थ काय? समोरची ही एक गाय, म्हणजे व्यक्ती? गाईचा आकार, म्हणजे आकृती? की सगळ्या गाईंमधलं गोत्व, म्हणजे जाती? नैयायिक म्हणतात, तिन्ही. बाजारात वाद्य विकलं जातं ते जाती आणि आकृती म्हणून: अमुक मॉडेल, अमुक साल, अमुक अवस्था. वादकाचं नातं असतं ते व्यक्तीशी. वाद्य गेलं की ओठांतलं ते ज्ञान बेकार होतं. ते कुणाला विकता येत नाही, नव्या वाद्यावरही ते जसंच्या तसं चालत नाही.

न्यायातलाच दुसरा शब्द घ्या, प्रत्यभिज्ञा. पूर्वी पाहिलेला देवदत्त पुन्हा दिसला, की ‘तोच हा’ असं ज्ञान होतं. ‘त्याच्यासारखा हा’ हे ज्ञान वेगळं. ज्याने वाद्य विकलं तो पुढे त्याच मॉडेलचं दुसरं घेतो, कदाचित जास्त चांगल्या अवस्थेतलं. त्याला ‘त्यासारखा हा’ मिळतो. ‘तोच हा’ मिळत नाही. माझ्या मते रुखरुखीचं घर याच फटीत आहे.

यावर मोठा आक्षेप येतो आणि तो चार्ली पार्करचा आहे. हा अमेरिकन जॅझमधला थोर वादक. पैशाच्या ओढाताणीत वाद्यं गहाण टाकणं हे त्याच्या चरित्रात पुन्हा पुन्हा येतं. 1953 च्या मे महिन्यात टोरोंटोच्या मॅसी हॉलमधली त्याची मैफल प्रसिद्ध आहे. तिथे तो वाजला कशावर? ग्राफ्टन नावाच्या, प्लॅस्टिकच्या अंगाच्या सॅक्सोफोनवर. आणि आवाज? पार्करचाच. मग आक्षेप असा, की सूर वादकात असतो, वाद्याचं एवढं कौतुक कशाला?

ऐकणाऱ्याच्या बाजूने आक्षेप बरोबर आहे. पण आपण बोलतोय ते वाजवणाऱ्याच्या बाजूने. तोच आवाज काढायला एका वाद्यावर किती सहजता आणि दुसऱ्यावर किती झगडा, हे श्रोत्याला कळत नाही, ओठांना कळतं. आणि त्या प्लॅस्टिकच्या वाद्याचं पुढे काय झालं बघा. 1994 मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात कॅन्सस सिटी या पार्करच्या गावाने ते 93,500 पौंडांना विकत घेतलं. दुसरा कुठलाही ग्राफ्टन त्यांना चालला नसता. आक्षेपासाठी वापरलेलं वाद्यच शेवटी व्यक्ती ठरलं!

आता कठीण भाग. वाद्य विकणं चुकीचं होतं का?

मुंबईच्या चित्रपट-संगीताकडे पाहा. तिथले पितळी वाद्यं आणि व्हायोलिन वाजवणारे कितीतरी लोक गोव्याचे; चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेले. मनोहारी सिंगांसारखे कलकत्त्याहून आलेलेही होते. सिंथेसायझर आला, ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत आली आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत मोठ्या वाद्यवृंदांचं काम आटत गेलं. अशा काळात एखाद्या वादकाने मुलीच्या फीसाठी वाद्य विकलं असेल, तर त्याने चूक केली असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही. खुद्द अडोल्फ साक्सवर दिवाळखोरीची वेळ आली आणि 1877 मध्ये त्याचा स्वतःचा वाद्यसंग्रह लिलावात गेला.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी यावर चांगला प्रकाश टाकला आहे. 1976 च्या एका निबंधात त्यांनी लॉरीचालकाचं उदाहरण दिलं. त्याचा काहीही दोष नसताना त्याच्या लॉरीखाली एक मूल येतं. बघणाऱ्यांना वाईट वाटतं, पण चालकाला वाटतं ते वेगळं असतं, कारण ते त्याच्या हातून घडलं. दोष नसतानाही कर्त्याचं असं एक दुःख असू शकतं. वाद्याची गोष्ट त्या मानाने फारच लहान आहे, पण घडण तीच. निर्णय योग्य होता, पुन्हा वेळ आली तर तोच घेऊ, आणि तरीही मनाला लागतं. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात. म्हणून मी पश्चात्ताप हा शब्द बाजूला ठेवतो आणि रुखरुख हा घेतो.

अजून एक थर आहे. पुष्कळांनी वाद्य विकलं तेव्हा ते वाजवत नव्हते. पेटी माळ्यावर होती. त्यांच्या ओठांतलं ज्ञान आधीच पुसट झालेलं. तरी रुखरुख आहे, कारण पेटी माळ्यावर असेपर्यंत ‘मी पुन्हा वाजवीन’ हे वाक्य खोटं नव्हतं. वाद्याबरोबर ते वाक्यही विकलं गेलं.

तेव्हा विकण्याच्या विचारात असलेल्यांना तीन प्रश्न सुचवतो. गरज पैशाची आहे की फक्त जागेची? जागेची असेल तर घाई करू नका. याच मॉडेलचं दुसरं मिळालं तर तेवढंच समाधान होईल का? होत असेल तर खुशाल विका. आणि हे वाद्य वाजवणारं कुणी ओळखीचं आहे का? ते घेणाऱ्याला शक्य झालं तर सांगा, की मधला डी जरा सोडून घे. ओठांतलं थोडं तरी ज्ञान पुढे जाईल.

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे: ‘विकलंच आहे, आता काय करू?’

हिशेब वेगळे करा. पैशाचा भाग असेल तर तो सोडून द्या. बाजाराचं भविष्य कुणालाच दिसत नसतं. ‘मी पुन्हा वाजवीन’ या वाक्याचा असेल, तर त्यावर उपाय आहे: साधंसं वाद्य घ्या, किंवा कुणाचं मागून आणा आणि वाजवा. आणि ‘तोच हा’ याचा भाग असेल, तर त्याला उपाय नाही. तो राहू द्या. जे वाद्य मन लावून वाजवलं, त्याचीच रुखरुख लागते. आणि बंद पेटीत कॉर्क आणि पॅड वाळत पडण्यापेक्षा ते वाद्य आज कुणाच्या तरी ओठांना असेल, तर त्याचं बरंच चाललं आहे असं समजा.