हरवलेल्या आवाजांचा माग (भाग ६) : लेबलवरचं उसनं नाव

१९७८च्या सुमाराला इंग्लंडमधल्या ‘विगन कसिनो’त एक नवं गाणं वाजायला लागलं आणि नाचणाऱ्या पोरांना त्याने वेड लावलं. गायकाचं नाव एडी फॉस्टर, असं डीजे सांगत. ते खोटं होतं, आणि जाणूनबुजून दिलेलं होतं.

ते का दिलं हे कळायला आधी विगन समजून घ्यावं लागेल. उत्तर इंग्लंडमधलं हे कोळशाच्या खाणींचं आणि कापड गिरण्यांचं गाव. सप्टेंबर १९७३ पासून तिथल्या ‘विगन कसिनो’ या जुन्या नृत्यगृहात शनिवारी मध्यरात्रीनंतर जलसा सुरू व्हायचा तो रविवारी सकाळी आठपर्यंत. दारू मिळत नसे. गिरक्या घेताना बूट अडकू नयेत म्हणून जमिनीवर टाल्कम पावडर टाकत. आणि वाजायचं काय, तर डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस इथल्या कृष्णवर्णीय गायकांची दहा-बारा वर्षांपूर्वीची, अमेरिकेत सपशेल आपटलेली सोल गाणी. लंडनमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिन यांनी या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिलं. उत्तरेकडून फुटबॉलच्या सामन्यांना आलेले तरुण दुकानात शिरले की त्यांना नव्या फंकमध्ये रस नसे, ते जुनी वेगवान गाणीच मागत, हे त्यांनी हेरलं होतं.

अशा जगात डीजेची पत कशावर ठरणार? दुसऱ्या कुणाकडे नसलेल्या रेकॉर्डवर. त्यामुळे हाती दुर्मिळ तबकडी लागली की लेबलवर कोरा कागद चिकटवायचा, गाण्याला आणि गायकाला भलतंच नाव द्यायचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अमेरिकेतल्या विक्रेत्याकडे ती मागवताच येणार नाही. जमैकातले साउंड सिस्टिमवाले त्याआधीच लेबलं खरवडून टाकत होते, म्हणजे युक्ती नवी नव्हती. डीजेंची गरज मला समजते, पण या युक्तीची किंमत गायकाने मोजली, हेही म्हटलंच पाहिजे. शेकडो माणसं त्याच्या आवाजावर रात्र रात्र नाचत होती आणि वाहवा दुसऱ्याच्या नावाने होत होती. शिवाय एडी फॉस्टर हे काल्पनिक नाव नव्हतं. त्या नावाचा एक सोल गायक खरोखरच होता आणि त्याचं ‘आय नेव्हर न्यू’ या मंडळींच्या परिचयाचं होतं. त्यामुळे थाप सहज पचली.

खरा गायक होता फ्रँक विल्सन. जन्म १९४०, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने लॉस एंजेलिसमध्ये कचेरी उघडली तेव्हा तो गीतकार आणि निर्माता म्हणून तिथे लागला. १९६५ साली त्याने स्वतः लिहिलेलं ‘डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)’ स्वतःच गायलं. मोटाउनच्या ‘सोल’ या लेबलवर ३५०१९ क्रमांकाने ते यायचं होतं. नमुना प्रती छापूनही झाल्या होत्या. तेवढ्यात कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांनी त्याला विचारलं, की तुला गायक व्हायचंय की निर्माता? विल्सनने निर्माता होणं पत्करलं. प्रदर्शन थांबलं आणि छापलेल्या प्रती मोडीत गेल्या. नष्ट करण्यातून सुटलेल्या दोनच प्रती पुढे कित्येक वर्षं ठाऊक होत्या. त्यांतली एक मोटाउनच्याच संग्रहातून बाहेर पडली आणि हस्ते परहस्ते इंग्लंडला पोहोचली.

आता असा माणूस सापडतो कसा? गेल्या भागात आपण तबकडीच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले अंक वाचायला शिकलो. या भागातला धागा लेबलवरचाच आहे, फक्त तो गायकाच्या नावात शोधायचा नाही. गाण्याच्या शीर्षकाखाली बारीक अक्षरात गीतकाराचं आणि प्रकाशकाचं नाव असतं, तिथे शोधायचा. मोटाउनच्या गाण्यांवर तिथे ‘जोबेट’ दिसतं. गॉर्डींच्या जॉय, बेरी आणि टेरी या तीन मुलांच्या नावांची आद्याक्षरं जोडून हे नाव तयार झालं.

गायकाचं नाव पुसलं गेलं तरी गीतकाराचं टिकतं, याचं कारण पैसा. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की गीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात. गाणाऱ्याला साध्या रेडिओकडून एक सेंटही मिळत नाही, हा नियम आजही तसाच आहे. ध्वनिमुद्रणाला तिथे केंद्रीय कायद्याने स्वामित्व हक्क मिळाला तोच मुळी १५ फेब्रुवारी १९७२ पासून. शब्द आणि चाल यांची नोंद मात्र त्याआधीच्या काळातही वॉशिंग्टनच्या कॉपीराइट कार्यालयात होत असे. १९६५ सालच्या आवाजाला सरकारदप्तरी जागा नव्हती, त्या आवाजाने गायलेल्या ओळींना होती. एखादी अनोळखी सोल रेकॉर्ड हाती आली तर म्हणूनच मी गायकाच्या नावावर विसंबायच्या आधी गीतकाराचं नाव बघायला सांगेन.

कानानेही काही गोष्टी कळतात. ‘डू आय लव्ह यू’चा तोच वाद्यमेळ वापरून मोटाउनने क्रिस क्लार्क या गायिकेकडूनही ते गाऊन घेतलं होतं. दोन्ही ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकली की वाद्यमेळ एकच आहे, याला वेगळा पुरावा लागत नाही.

गीतकाराचं नावसुद्धा सरळ असेलच असं नाही. विल्सनने स्वतः एडी विल्सन, चेस्टर सेंट अँथनी अशी नावं घेऊन गायलं आहे. त्याने १९७० साली सुप्रीम्स या गटासाठी ‘स्टोन्ड लव्ह’ तयार केलं, त्याच्या लेबलवर विल्सनच्या जोडीला ‘येनिक समोह्ट’ असं विचित्र नाव आहे. रोमन लिपीत ते उलटीकडून वाचलं तर किनी थॉमस हे नाव मिळतं. हा डेट्रॉइटमधला एक किशोरवयीन मुलगा. विल्सनने त्याचं गाणं ऐकलं आणि त्याला हाताशी धरलं. ते गाणं अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. मार्विन गे यांचं ‘चेन्ड’ विल्सनचंच, एडी केंड्रिक्स यांच्या ‘कीप ऑन ट्रकिन’मध्येही त्याचा हात आहे. ज्याला विगनमध्ये कुणी ओळखत नव्हतं, त्याची गाणी अर्धी अमेरिका गुणगुणत होती.

१९७९ साली टॅमला मोटाउन या मोटाउनच्या ब्रिटिश लेबलने ‘डू आय लव्ह यू’चं सिंगल ब्रिटनमध्ये रीतसर काढलं, फ्रँक विल्सन या नावानिशी. तोवर त्याने मोटाउन सोडून तीन वर्षं झाली होती. पुढे तो ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला.

मूळ तबकडीचं मोल मात्र चढतच गेलं. २००९ साली एक प्रत २५,७४२ पौंडांना विकली गेली. विल्सन सप्टेंबर २०१२ मध्ये गेला. २०२० साली एका प्रतीचे १,००,००० पौंड आले. जुनी तबकडी या हातातून त्या हातात जाते तेव्हा गीतकाराला काही मिळत नाही आणि गायकालाही नाही. संग्राहकांविषयी मला आदर आहे, त्यांनी जपल्या नसत्या तर या तबकड्या उरल्याच नसत्या. तरी हा हिशेब मला बोचतो.

पुढच्या आठवड्यात ओहायोतल्या कोलंबस शहरात जाऊ. तिथे सापडलेल्या एका टेपवरचं गाणं २०१० साली ‘ब्लू व्हॅलेंटाइन’ चित्रपटात वाजलं, आणि गाणारी कोण हे तेव्हा चित्रपटवाल्यांनाही माहीत नव्हतं.