काठी दाराबाहेर ठेवली तेव्हा...

भगिनींनो, कुत्रे पाळणे ही बंगलेवाल्यांची हौस, असे आपल्याकडे समजले जाते. मीही तसेच समजत होते. दोन खोल्यांचे घर, चार माणसे, नळाला तासभर पाणी. त्यात कुत्रे कुठे ठेवायचे? पण 2023 च्या पावसाळ्यात आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक तांबडी कुत्री येऊन बसली आणि माझे हे सगळे हिशेब चुकले.

वय असेल वर्षभराचे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. कुणी जवळ गेले की शेपूट पोटाशी दाबून भिंतीत शिरायला बघायची. भाकरी टाकली तरी आपण वळून निघून जाईपर्यंत तोंड लावायची नाही. सहावीतल्या धाकट्याने तिचे नाव 'सोनी' ठेवले, नववीतल्या थोरलीने जुने पोते अंथरले आणि महिनाभरात ती आमच्या दाराच्या आत, शिवणयंत्राखाली राहू लागली. माझी आणि मुलांची तिला सवय झाली. भीती उरली ती फक्त घरधन्याची.

आमचे हे एका गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. सकाळी सात वाजता गणवेशात, हातात काठी घेऊन ते दारात आले, की सोनी जागच्या जागी मुतायची. आल्या आल्या फरशी पुसायची वेळ! रात्रभर जागलेला माणूस चिडणारच. ते ओरडले की ती आणखी थरथरायची. ती थरथरली की ते आणखी चिडायचे.

एके सकाळी हे कडाडले, सोनी यंत्राच्या मागे घुसली आणि थोरलीने तिला ओढून काढायला हात घातला. सोनी गुरगुरली, पोरीने ऐकले नाही आणि दात लागला. रक्त आले नाही, पण मनगटावर ओरखडा उमटला.

आधी साबण, मग दवाखाना

इथे थोडे थांबून सांगते, कारण हे प्रत्येक घराला ठाऊक हवे. कुत्र्याचा दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची, तेल यांतले काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना लस घ्यावी. एकही सुई चुकवू नये. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. आम्ही पोरीच्या सगळ्या सुया पुऱ्या केल्या. सोनीलाही गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून आणली. ती दर वर्षी न चुकता द्यायची असते.

त्या रात्री हे निघताना म्हणाले, "लेकराला चावणारं जनावर घरात नको. आठ दिवस देतो. नाही सुधारली तर मंडईत नेऊन सोडीन."

बापाच्या जागी त्यांचे म्हणणे चूक नव्हते. मला उत्तर सुचले नाही.

चावली ती रागाने नव्हे

गुरांच्या डॉक्टरांनी मात्र मला एक प्रश्न विचारला, "चावण्याआधी गुरगुरली होती का?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "मग तिनं बिचारीनं सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाही. गुरगुरण्याबद्दल तिला मारू नका. नाहीतर पुढच्या वेळी न सांगता चावेल."

भ्यालेले कुत्रे त्याआधीही पुष्कळ सांगत असते. कान मागे पाडते, तोंड फिरवते, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवते. झोप नसताना जांभया देते, खायला काही नसताना ओठ चाटते. जागीच मुतणे हा खोडसाळपणा नाही, ती भीतीची शरणागती आहे. त्याला शिक्षा केली तर ते वाढते.

ही भीती येते कुठून? पिल्लू साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांचे असते, तेव्हा ते जग ओळखायला शिकते. त्या दिवसांत माणसाचा मायेचा हात लागला नाही, तर माणूस त्याला परकाच राहतो. पुढे कुणी दगड मारला, काठी घातली, तर ती आठवण अंगात मुरते.

रशियाचे शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचे नाव मुलांच्या पुस्तकात येते. त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. 1924 च्या सप्टेंबरात लेनिनग्राड शहरात मोठा पूर आला आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरले. कुत्री कशीबशी वाचली. पण त्यांतली काही शिकलेले सारे विसरून गेली. पुढे एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसते पाणी झिरपू दिले, तर तो पुन्हा तसाच बिथरला. पूर ओसरला होता, पण कुत्र्याच्या आतला ओसरला नव्हता. आमच्या सोनीच्या आत कोणता पूर होता?

धाकट्याने लावलेला शोध

उत्तर दिले धाकट्याने. आठ दिवसांतले तीन गेले होते. जेवताना तो हळूच म्हणाला, "बाबा, सुट्टीच्या दिवशी तुम्ही लुंगीवर असता तेव्हा सोनी नुसती बसून राहते. तुमच्या हातात काठी असली की मुतते."

घरात कुणी बोलेना. ह्यांनी भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी काठी टेकवल्याचा आवाज आला आणि हे रिकाम्या हातांनी आत आले. सोनी आक्रसली, पण फरशी कोरडी राहिली. मंडईचा विषय त्या दिवसापासून निघाला नाही.

थोडे थोडे, जवळ जवळ

भीती घालवायची रीत शंभर वर्षांपूर्वीच सापडलेली आहे. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या विदुषीने 1924 साली एका लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. तो पोर सशाला भ्यायचा. तो आवडीचे खात बसला, की पिंजऱ्यातला ससा लांब आणून ठेवायचा. तो रडणार नाही इतक्याच अंतरावर! मग दिवसेंदिवस थोडे जवळ. मध्ये तो आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्याला घाबरला आणि भीती परत आली. तरी बाईंनी चिकाटी सोडली नाही. शेवटी तो सशाला स्वतः कुरवाळू लागला.

आम्ही तेच केले. खाटकाकडून थोडी कलेजी आणायची, मीठ-मसाला न घालता उकडायची, शेंगदाण्याएवढे तुकडे करायचे. हे घरात येऊन भिंतीला टेकून बसायचे. तिच्याकडे पाठ करून. डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हाक मारायची नाही. एक तुकडा बाजूला टाकायचा आणि पेपर वाचायचा. पाचव्या दिवशी तिने तुकडा त्यांच्या गुडघ्याजवळून उचलला. तेराव्या दिवशी हातातून घेतला. ते तरीही हलले नाहीत. नंतर मला म्हणाले, "तिची जीभ लागली हाताला." पंधरा वर्षांच्या संसारात ह्यांचा एवढा हळू आवाज मी ऐकला नव्हता.

मग पाळी काठीची. आधी काठी गॅलरीच्या टोकाला आडवी ठेवली आणि सोनीला इकडे तुकडे दिले. दर दोन दिवसांनी काठी हातभर जवळ. ती खाणे थांबवून टक लावून बघू लागली, की काठी पुन्हा मागे. घाई केली तर आठवड्याची कमाई एका दिवसात जाते. दसऱ्याच्या सुमारास ती दारात पडलेली काठी ओलांडून ह्यांच्याकडे गेली.

दिवाळीत मात्र सगळे उलटले. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात, तिथे फटाक्यांचे काय! दोन दिवस ती मोरीतून निघाली नाही. भ्यालेल्या कुत्र्याला गोंजारले तर ते जास्त भित्रे होते, अशी समजूत आहे. ती खरी नाही. ते आपणहून जवळ आले तर जवळ घ्यावे, लपले असेल तर लपू द्यावे, ओढून काढू नये. आम्ही पुन्हा लांबून सुरुवात केली. या खेपेला आठवड्यात गाडी रुळावर आली. 14 एप्रिलच्या मिरवणुकीच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. आतली खोली, खिडकीला गोधडी, पंखा चालू, आणि पाळीपाळीने एकजण तिच्यापाशी. सगळ्यांनी मिरवणूक पाहिली आणि सोनीही शांत राहिली.

घरात आणखी काय बदलले

सोनी आज धीट आहे असे मी म्हणणार नाही. अनोळखी माणूस आला, की ती अजून यंत्राखाली जाते. ती जागा तिची आहे, तिथे तिला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे. पण सकाळी सात वाजता ह्यांची पावले जिन्यावर वाजली, की तीच आधी दाराशी धावते.

एक गोष्ट सांगून थांबते. ह्यांच्या वडिलांच्या हातात नेहमी छडी असायची. आमच्याकडे छडी नव्हती, पण आवाज होता. हे घरात आले, की मुले गप्प होत, आणि आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो. त्या वर्षी सहामाहीत धाकटा गणितात नापास झाला. आधीच्या वर्षी असा पेपर मला गादीखाली सापडला होता. या वेळी त्याने तो स्वतः आणून बाबांच्या पुढे ठेवला. सोनी ह्यांच्या पायाशी झोपली होती. ह्यांनी पेपर पाहिला, एकदा सोनीकडे पाहिले आणि म्हणाले, "बस इथे. कुठलं गणित अडलं ते दाखव."

भगिनींनो, भीती घालून जनावर गप्प बसते, मूलही गप्प बसते. पण गप्प बसणे म्हणजे शिकणे नव्हे. तुमच्या दाराशी असा एखादा भ्यालेला जीव आला, तर त्याला आधी अंतर द्या, मग अन्न द्या, आणि मग वाट बघा. आणि हो, हातात काठी असेल तर ती आधी दाराबाहेर ठेवा.