मोहरीच्या राशीवरचे नृत्य

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, तापीकाठच्या सारंगखेड्यात यात्रा सुरू होते. शहादा तालुक्यातील या गावाचे एकमुखी दत्ताचे मंदिर जितके प्रसिद्ध, तितकाच तेथील घोडेबाजार. बँकेच्या नोकरीत या भागात माझी काही वर्षे गेली आणि घोड्याची परीक्षा कशी होते ते जवळून पाहता आले. भोवरे कोठे आहेत, देवमण आहे की नाही, दात वय किती सांगतात, एवढे पाहून झाले की गिऱ्हाईक म्हणते, "आता नाचवून दाखवा." मग वाद्य वाजू लागते आणि ते उमदे जनावर लाकडी बाजेवर चढून तालात पाय उचलते. पलीकडच्या तंबूंत तमाशाचे फड उतरलेले असत. माणसाला नाचून पोट भरावयाचे तर त्याची परीक्षा याहून सोपी नसावी, असे तेव्हा मनात येऊन गेले होते. यंदा ते आमच्या घरातच अनुभवास आले.

माझ्या थोरल्या बंधूंचा नंदुरबारला मिरचीचा व्यापार आहे. त्यांची नात नऊ वर्षे कथक शिकली. मुंबईत एका मोठ्या रंगमंचीय कार्यक्रमासाठी नर्तिकांची निवड होती, तेथे ती आईसह गेली. दोन मिनिटे तिचे नृत्य पाहून परीक्षकांनी विचारले, स्केटिंग येते का? पेटत्या मशाली हाती घेऊन गिरक्या घेता येतील का? छतापासून सोडलेल्या कापडाला लटकून नाचता येईल का? तिने प्रामाणिकपणे नकार दिला आणि शिकण्याची तयारी दाखवली. त्यांनी महिन्याची मुदत दिली. "कापडावरचे शिकून या, मग पाहू."

घरी आल्यावर बंधू संतापले. "नऊ वर्षांची विद्या बाजूला ठेवून हिने माकडासारखे लोंबकळायचे?" असा त्यांचा प्रश्न. मला दोघांच्या मध्ये बसवण्यात आले. कर्जप्रकरणांत आयुष्य गेलेल्या माणसाला लोक मध्यस्थ का समजतात कोण जाणे!

मी बंधूंना प्रथम एवढेच सांगितले की, ही मागणी नवी नाही. आपल्या तमाशाचेच पाहावे. ढोलकीच्या फडात केवळ नाचता येणारी स्त्री पुरत नाही. गण झाला की गौळण, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. नाचणारीने गायचे, सोंगाड्याला हजरजबाबी उत्तर द्यायचे आणि वगात भूमिकाही वठवायची. पायांत शेकडो घुंगरांचे ओझे असते ते वेगळेच. संगीत बारीतील बैठकीच्या लावणीत तर याच्या उलट मागणी. तेथे बसल्या जागी, पाय न हलवता, एकच ओळ पुनःपुन्हा गायची आणि दर वेळी डोळ्यांतून, बोटांतून तिचा नवा अर्थ उलगडायचा. यमुनाबाई वाईकरांना 2012 साली पद्मश्री मिळाली ती या अदाकारीची थोरवी. आणि नारायणगावच्या विठाबाईंची हकीकत कोणाला ठाऊक नाही? खेळ चालू असताना पडद्यामागे त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो. त्या बाईला ती रजा देणारे कोणी नव्हते, हे मात्र सांगत नाही.

चित्रपटात व्ही. शांताराम यांनीही अशीच कठोर मागणी केली. 'झनक झनक पायल बाजे' (1955) साठी संध्या यांना गोपीकृष्ण यांच्याकडे कथक शिकावे लागले, कारण मुळात त्या नर्तिका नव्हत्या. 'स्त्री' (1961) मध्ये त्या खऱ्या सिंहांसमोर उभ्या राहिल्या. पुरुषांचीही यातून सुटका नाही. 'नटरंग' चित्रपटात अतुल कुलकर्णी यांना प्रथम पैलवानाचे शरीर कमवावे लागले आणि नंतर नाच्यासाठी तेच उतरवावे लागले.

बंधू म्हणाले, "ही सगळी दुसऱ्यांची उदाहरणे झाली." तेव्हा मला आपल्या कथा आठवल्या. पाटलीपुत्राची नर्तिका कोशा. एका रथिकाने बाणाला बाण जोडून दूरच्या झाडावरील आंबे बसल्या जागी तोडून दाखवले. त्यावर कोशेने मोहरीच्या राशीत सुई रोवली, तिच्या टोकावर फूल ठेवले आणि त्या राशीवर नृत्य केले. ना मोहरी विस्कटली, ना सुई पायाला लागली. मग तीच म्हणाली की, आंबे तोडणे अवघड नाही, हे नाचणेही अवघड नाही. अवघड ते स्थूलिभद्रांनी केले. मला या कथेत नेहमी एक गोष्ट भावते. आपल्या कौशल्याचे मोल त्या नर्तिकेने स्वतःच ठरवले, परीक्षकावर सोपवले नाही.

दुसरी कथा इलाचीकुमाराची. तो तर शेठजींचा मुलगा, म्हणजे आपल्याच वर्गातला. नटाच्या कन्येवर मन बसले. तिच्या पित्याने अट घातली की, आमची विद्या शीक आणि राजाकडून बक्षीस मिळव. मुलगा उंच बांबूवर चढून खेळ करू लागला. पण राजाची नजर त्या मुलीवर होती. तो खाली पडून मरावा या हेतूने राजा म्हणत राहिला, "माझे लक्ष नव्हते, पुन्हा कर." वर असतानाच गोचरीला आलेले, दृष्टी खाली ठेवून उभे असलेले मुनिराज त्याला दिसले आणि तेथेच केवलज्ञान झाले. पाठशाळेत मी ही कथा अनेकदा सांगितली आहे, नेहमी वैराग्याच्या अंगाने.

नात शांतपणे ऐकत होती. ती म्हणाली, "छोटे दादाजी, कथेत परीक्षा इलाचीकुमाराची झाली. पण खोट तर राजाच्या मनात होती. मला एवढेच कळायला हवे की, समोर बसलेला राजा कसा आहे. कापडाची मला भीती नाही."

मला उत्तर सुचले नाही. मात्र नोकरीतली सवय कामी आली. कर्जदाराची छाननी आम्ही करतो, मग कामावर घेणाऱ्याची का नको? आम्ही दोघांनी बसून आयोजकांना पत्र लिहिले. शिकवणार कोण आणि सरावाच्या वेळी खाली गाद्या असतात का? उंची किती? अपघात झाल्यास खर्च कोणाचा, विमा आहे का? निवड न झाल्यास महिन्याच्या शिकवणीचा खर्च कोण सोसणार? वेशभूषा कशी, आणि नकार देण्याची मुभा आहे का?

आठवड्याने उत्तर आले. निवडीनंतर विमा आहे, गाद्या आणि शिक्षक आहेत, वेशभूषा अंगभर आहे. निवडीपूर्वीचा सराव मात्र उमेदवाराच्या जबाबदारीवर. म्हणजे ज्या महिन्यात पडण्याचा धोका सर्वांत अधिक, त्याच महिन्यात संरक्षण नाही. असा करार माझ्यासमोर आला असता तर मी सही केली नसती, हे तिला स्पष्ट सांगितले.

तिने ते पत्र आजोबांपुढे ठेवले. बंधूंनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि पेढीवर निघून गेले. सायंकाळी परतले ते विमा प्रतिनिधीला सोबत घेऊन. अपघात विम्याचा अर्ज भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली. नातीकडे न पाहता त्यांनी विचारले, "नर्तिका लिहू की नृत्यांगना?"