सर्व्हरची कार्यप्रणाली आणि 'सुरक्षित' या विशेषणाचा अर्थ

अमुक कार्यप्रणाली सुरक्षित, तमुक असुरक्षित, असे विधान सर्व्हरविषयीच्या चर्चेत वारंवार ऐकू येते. वस्तुतः 'सुरक्षित' हे विशेषण सापेक्ष आहे. कशापासून सुरक्षित, कोणत्या अवस्थेत सुरक्षित आणि कोणाच्या देखरेखीखाली सुरक्षित, ह्या तीन आकांक्षा पुऱ्या झाल्याखेरीज अशा विधानाची सत्यासत्यता ठरविता येत नाही.

युनिक्स कुळातील प्रणाली स्वभावतः अभेद्य आणि विंडोज स्वभावतः दुर्बल, हा समज इतिहासास धरून नाही. १९८८ च्या नोव्हेंबरात पसरलेल्या मॉरिस वर्म ह्या स्वयंप्रसारी प्रोग्रामने युनिक्सच्या बीएसडी शाखेवर चालणारी यंत्रेच ग्रासली होती. जुलै २००१ मध्ये 'कोड रेड'ने विंडोजवरील आयआयएस ह्या वेब सर्व्हरला, तर सप्टेंबर २००२ मध्ये 'स्लॅपर'ने लिनक्सवरील अपाचे सर्व्हरला लक्ष्य केले. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय'ची झळ पुन्हा विंडोजला लागली. ह्यांपैकी शेवटच्या तिन्ही प्रसंगी दोषावरील दुरुस्ती हल्ल्यापूर्वीच उपलब्ध झालेली होती. 'वॉनाक्राय'च्या बाबतीत ती मार्चमध्येच निघाली होती. म्हणजे येथे हानीचे प्रमाण केवळ दोषाच्या अस्तित्वाने ठरले नाही. दुरुस्ती निघणे आणि ती बसविली जाणे ह्यांमधील कालावधीने ते वाढविले.

तथापि, सर्वच प्रणाली सारख्या, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे होईल. रचनेचा भेद महत्त्वाचा आहेच. विंडोज २००० सर्व्हरमध्ये आयआयएस आपोआप बसत असे, त्यामुळे आपल्या यंत्रावर वेब सर्व्हर चालू आहे, याची जाणीव अनेकांना नसे. विंडोज सर्व्हर २००३ च्या बहुतेक आवृत्त्यांत ही प्रथा मोडण्यात आली. १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी आरंभिलेल्या ओपनबीएसडीत मात्र अनावश्यक सेवा मुळातच बंद ठेवण्याचे तत्त्व मानले जाते. त्याच प्रकल्पातील ओपनएसएसएच ह्या प्रोग्रामची २००२ मध्ये विभागणी करण्यात आली. अपरिचित जाळ्याशी बोलणारा भाग अत्यल्प अधिकारांनिशी चालतो आणि विशेषाधिकारांची कामे दुसरा, आकाराने लहान भाग करतो. पहिला शत्रूच्या हाती पडला, तरी सारे यंत्र त्याच्या स्वाधीन होत नाही. लिनक्समध्ये हेच कार्य निराळ्या मार्गाने एसईलिनक्स करते. सर्वाधिकारी 'रूट'च्या नावे चालणाऱ्या प्रोग्रामवरही ते नियमांचे बंधन घालते.

ह्या उपायांनाही मर्यादा आहेत. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला 'हार्टब्लीड' हा दोष कार्यप्रणालीत नव्हता. तो ओपनएसएसएल ह्या अनेक प्रणालींवर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राम-संग्रहात होता. मार्च २०२४ मधील प्रसंग अधिक उद्बोधक होय. 'एक्सझेड' ह्या संक्षेपन-साधनाच्या देखभालकाचा विश्वास दोनेक वर्षे संपादन करून कोणी तरी त्यात चोरवाट पेरली. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्याच्या लक्षात आले आणि कट उघड झाला. डेबियन, फेडोरा इत्यादींच्या चाचणी-आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचला होता. ओपनबीएसडीला मात्र त्याची बाधा झाली नाही, कारण तेथील ओपनएसएसएच ह्या साधनावर अवलंबूनच नव्हते. स्रोत सर्वांना खुला असणे आणि तो कोणी तरी खरोखर वाचलेला असणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही ह्या प्रसंगाने दाखविले.

यास्तव सर्व्हरची निवड करताना प्रणालीच्या नावापेक्षा तीन प्रश्न विचारणे श्रेयस्कर. स्थापनेनंतर कोणत्या सेवा आपोआप उघड्या राहतात? एक भाग ढासळल्यास हानी कोठवर पसरते? दुरुस्त्या किती काळ मिळणार आणि त्या नियमाने बसविणारा मनुष्य कोण? सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. अशी मुदत उलटलेली कोणतीही प्रणाली, तिची रचना कितीही उत्तम असली, तरी परीक्षांचे निकाल वा संशोधनाची सामग्री तिच्यावर विसंबून ठेवण्याच्या योग्यतेची राहत नाही. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखाद्या व्यक्तीचे नाव सांगता येत नसेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही समाधानकारक असली, तरी ती फार काळ टिकत नाहीत.